मीठ लावलेल्या कैरीला पाणी का सुटतं? पेशीपटलातली ये-जा हातानं करून पाहण्याच्या पायऱ्या

कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून पातेलं झाकून ठेवलं की सकाळी तळाशी पाणी साचलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात नववीत जाणाऱ्या माझ्या भाचीनं ते बघितलं आणि म्हणाली, "मावशी, पुस्तकात लिहिलंय की पेशीतलं पाणी बाहेर येतं, मीठ आत जात नाही. मग ही फोड आतपर्यंत खारट कशी लागते?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. विसरण, परासरण, सक्रिय वहन यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण या प्रश्नाशी बहुतेक जण अडतात. व्याख्या पाठ होते आणि पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पापुद्रा, काय करतं ते डोळ्यांसमोर येतच नाही. म्हणून त्या सुट्टीत आम्ही दोघींनी हे सगळं स्वयंपाकघरात करून पाहिलं. त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. नववी ते बारावीच्या मुलांना, त्यांच्या पालकांना आणि प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या शिक्षकांना हे जसंच्या तसं करता येईल.

सामान फार नाही: एक बीट, दोन मोठे बटाटे, एक लाल कांदा, मीठ, साखर, हळद, गोडं तेल, मूठभर शेंगदाणे, मूठभर फुटाणे आणि थोडी खडीसाखर. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमचा काटा इथे पुरत नाही. सूक्ष्मदर्शक फक्त एका प्रयोगाला लागतो, तो शाळेतून मागून घ्या किंवा फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक वापरा. दोन दुपारी पुरतात.

पायरी १: पटल कशाचं आहे ते ओळखा

दोन वाट्यांत थोडं-थोडं तेल घ्या. एकीत चिमूटभर मीठ टाकून ढवळा, दुसरीत चिमूटभर हळद. मीठ तळाशी तसंच बसून राहतं. हळदीचा रंग मात्र तेलात उतरतो आणि तेल पिवळंधमक होतं. आता हेच पाण्यात करा. मीठ विरघळून दिसेनासं होतं, हळदीचा बराचसा गाळ थोड्या वेळानं खाली बसतो.

पेशीपटलाचा अर्धा स्वभाव या चार वाट्यांत कळतो, कारण ते मुळात तेलकट आहे. फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून बसलेले असतात. त्यांची पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि पाणी नको असणाऱ्या शेपट्या मधे. १९२५ मध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली. तिनं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरली, म्हणजे थर दोन असले पाहिजेत. हा दुहेरी पापुद्रा सुमारे ५ नॅनोमीटर जाड असतो. असे दोन लाख पापुद्रे एकावर एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर होईल.

या पापुद्र्यात ठिकठिकाणी प्रथिनं रोवलेली असतात आणि ती चरबीच्या थरात इकडेतिकडे सरकतही असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे चित्र आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

आता कुठलाही रेणू समोर आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे. पुढचं सगळं या दोन प्रश्नांतूनच निघतं.

पहिला प्रश्न: तू चरबीतून पार होऊ शकतोस का? ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज होतात. पाणी थोडंफार होतं. ग्लुकोज जवळजवळ नाहीच. आणि सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित आयन तर अजिबात नाहीत. नुसत्या चरबीच्या थरातून पाणी जितक्या सहज जातं, त्याच्या सुमारे अब्जावा भाग इतकंच सोडियम जातं.

दुसरा प्रश्न: तू उताराच्या दिशेनं चाललायस की चढाच्या? जास्त संहतीकडून, म्हणजे जिथे तो रेणू दाट आहे तिथून, कमीकडे जाणं हा उतार. उलट जायचं तर चढ, आणि चढाला ऊर्जा मोजावी लागते.

पायरी २: दार बंद असतं हे बिटावर पाहा

परासरणाआधी, म्हणजे पटलातून पाणी विरल बाजूकडून दाट बाजूकडे जातं ते पाहण्याआधी, बीट करा, असं मी आग्रहानं सांगते. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग गाळला जातो आणि मग पटल म्हणजे नुसती चाळणी अशी समजूत होऊन बसते.

बिटाचे साधारण दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. कापताना ज्या पेशी फुटल्या त्यांचा रंग वाहून जायला हवा, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत तुकडे धुऊन घ्या. ही धुणावळ टाळली तर पुढचं काहीच नीट दिसत नाही. एक तुकडा आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवलेला असू द्या.

चार ग्लास मांडा. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे साधारण साठ अंश सेल्सिअस. हे मोठ्यांनी ओतावं. तिसऱ्यात साधं पाणी, पण तुकडा फ्रीझरमधला. चौथ्यात हात स्वच्छ करायचं अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर. हा ग्लास गॅसपासून लांब ठेवा. अर्धा तास थांबा.

पहिल्या ग्लासातलं पाणी जवळजवळ नितळच राहतं. बिटाचा रंग पाण्यात सहज विरघळणारा आहे, बाहेर पाणीच पाणी आहे, तरी तो आत अडकून पडतो. तो पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसानं भरलेल्या पिशवीत, असतो आणि बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन दारं ओलांडावी लागतात. बाकीच्या तिन्ही ग्लासांत लाल-जांभळा रंग उतरतो. उष्णतेनं पटलाची घडी विस्कटते, बर्फाचे स्फटिक त्याला फाडतात, अल्कोहोल त्यातली चरबी आणि प्रथिनं बिघडवतं.

वहीत एवढं लिहून ठेवा: पटल शाबूत असेल तरच निवड होते. पटल मेलं की सगळ्यांना वाट मोकळी. कैरीच्या वेळी हेच वाक्य लागणार आहे.

पायरी ३: विसरण, थोडक्यात

स्थिर पाण्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडला की न ढवळता तो पसरत जातो. प्रत्येक रेणू दिशाहीन धडपडत असतो आणि त्या धडपडीची बेरीज म्हणजे गर्दीकडून मोकळ्या जागेकडे होणारं विसरण. हे सर्वांना माहीत असतं. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. ग्लुकोजसारख्या छोट्या रेणूला पेशीएवढं, म्हणजे १० मायक्रोमीटर अंतर कापायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. तेच अंतर एक सेंटिमीटर झालं तर नुसत्या विसरणानं जवळपास एक दिवस जाईल. पेशी इतक्या लहान का असतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

पायरी ४: बटाटा, काटा आणि आलेख

या पायरीला घाई करू नका. नुसता "बटाटा फुगला, बटाटा मऊ पडला" एवढं बघून थांबलात तर अर्धीच मजा हाती लागते, कारण खरा शोध आकड्यांत आहे.

१. पाच ग्लासांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घ्या. त्यात अनुक्रमे ०, १, २, ४ आणि १० ग्रॅम मीठ विरघळवा. म्हणजे ०, ०.५, १, २ आणि ५ टक्के द्रावणं झाली. ग्लासांवर चिठ्ठ्या लावा.

२. एकाच बटाट्याच्या, साल काढून, फिंगर चिप्ससारख्या सारख्या जाडीच्या कांड्या कापा. साधारण ६ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद. एक बटाटा पुरला नाही तर दोन्ही बटाट्यांच्या कांड्या प्रत्येक ग्लासात सारख्या वाटा.

३. प्रत्येक ग्लाससाठी तीन कांड्या घेऊन सुती कापडानं हलकेच टिपा आणि तिन्हींचं मिळून वजन लिहा. कापल्यावर वजन करायला उशीर केला तर त्या वाळतात.

४. सगळ्या एकदम बुडवा. दोन तास ठेवा.

५. बाहेर काढून आधी जसं टिपलं होतं तसंच टिपा, ना जास्त दाबून ना कमी. पुन्हा वजन करा.

६. वजनातला फरक मूळ वजनानं भागून शंभरनं गुणा. समजा साध्या पाण्यातल्या कांड्या २०.४ ग्रॅमवरून २२.० वर गेल्या, तर वाढ ७.८ टक्के. समजा ५ टक्के मिठातल्या २०.१ वरून १६.९ वर आल्या, तर घट १५.९ टक्के.

आडव्या अक्षावर मिठाची टक्केवारी, उभ्यावर वजनातला बदल घेऊन आलेख काढा. रेषा शून्याला जिथे छेदते त्या द्रावणात बटाट्यात पाणी जेवढं शिरलं तेवढंच बाहेर पडलं. ते त्याच्यासाठी समपरासारी द्रावण. माझ्याकडे बहुधा हा बिंदू एक टक्क्याच्या आसपास येतो. बटाटा जुना, सुकलेला असेल तर सरकतो. त्याच्या डावीकडची द्रावणं अवपरासारी, उजवीकडची अतिपरासारी. हे शब्द पाठ करायला त्रास होत असेल तर आलेखाच्या दोन्ही बाजूंना लिहून टाका, पुन्हा विसरणार नाहीत.

कांड्या हातात घेऊन वाकवूनही बघा. साध्या पाण्यातली कट्कन मोडते, पाच टक्क्यांतली रबरासारखी वळते. पेशीत पाणी भरलं की तिचा दाब भिंतीवर पडतो आणि त्यावरच पालेभाजीचा ताजेपणा टिकून असतो. मंडईत मेथीच्या जुड्यांवर सारखं पाणी शिंपडतात ते यासाठीच.

इथेच सलाइन समजून घ्या. शिरेतून देतात ते नॉर्मल सलाइन ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. तांबड्या रक्तपेशीला ते समपरासारी असतं. तिला वनस्पतीसारखी भित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची मजबूत भिंत, नसल्यामुळे साध्या पाण्यात ती फुगून फुटते, म्हणून शिरेतून कधीही नुसतं पाणी देत नाहीत. आणखी एक गोष्ट मुलांना चकवते: परासरणात ग्रॅम मोजत नाहीत, कण मोजतात. मिठाचा प्रत्येक एकक पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतो, शिवाय ते हलकं असतं. त्याच ताकदीचं साखरेचं पाणी करायचं तर लिटरला शंभर ग्रॅमहून जास्त साखर लागते.

पायरी ५: कांद्याच्या पापुद्र्यात डोकावा

लाल कांद्याची एक मांसल पाकळी घ्या. बाहेरच्या, जांभळ्या बाजूवर ब्लेडनं नखाएवढा चौकोन हलका कोरा आणि चिमट्यानं एक कोपरा उचलून पापुद्रा सोला. हातात आलेला तुकडा पारदर्शक आणि जांभळसर हवा. पांढरा, जाड आला तर खालचा गर सोबत आला आहे, पुन्हा करा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरून वर आच्छादन काच ठेवा.

१०० पट मोठं करून पाहिलं की विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतात. प्रत्येक विटेत काठोकाठ जांभळा रंग. आता आच्छादन काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब टाका आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवा. कागद पाणी ओढतो, मिठाचं पाणी आत सरकतं. डोळा भिंगावरून हलवू नका. आधी कोपऱ्यांत जांभळा रंग भिंत सोडतो, मग कडेनं एक फट पडत जाते आणि मिनिटाभरातच प्रत्येक विटेच्या मधोमध एक गडद जांभळा गोळा उरतो. पाणी गेल्यामुळे रंग दाट झालेला असतो. पाठ्यपुस्तकातला रससंकोच तो हाच. माझ्या भाचीनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

लगेच दुसऱ्या बाजूनं साधं पाणी द्या. गोळे हळूहळू फुगून भिंतीला पुन्हा टेकतात. पेशी जिवंत असल्याचा हा पुरावा. मिठात अर्धा-पाऊण तास ठेवून मग पाणी दिलंत तर कित्येक पेशी परत फुगत नाहीत, काहींतला रंग फिकट पडून पसरतो. तीही नोंद करा.

एक प्रश्न स्वतःला विचारा: भिंत आणि गोळा यांच्या मधल्या फटीत काय भरलं आहे? हवा नाही, मिठाचं पाणी. वनस्पतीची पेशीभित्तिका सेल्युलोजच्या जाळीची असते, ती मिठाला अडवत नाही. अडवतं ते तिच्या आतलं पटल.

पायरी ६: प्रथिनांची दारं

पाण्याचा थोडाच भाग चरबीतून जातो असं म्हटलं, तर मग काही पेशींतून ते इतक्या भराभर कसं जातं? हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. अमेरिकेतले पीटर अॅग्री रक्तगटाशी संबंधित एक प्रथिन शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाती दुसरंच एक प्रथिन लागलं. १९९२ मध्ये त्यांच्या गटानं ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवलं आणि अंडी विरल द्रावणात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली, ही फुगून फुटली. ॲक्वापोरिन म्हणजे पाण्याची मोरी सापडली होती. एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एकामागोमाग निघून जातात. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अॅग्री यांना रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर मिळालं. मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या मार्गिकेची रचना उलगडली होती.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी परत घेतलं जातं आणि त्यात ॲक्वापोरिनचा मोठा वाटा असतो. उन्हात घाम गळाला की एक संप्रेरक मूत्रपिंडाच्या पेशींना पटलात जास्त मोऱ्या बसवायला सांगतं, म्हणून तेव्हा लघवी कमी आणि गडद होते.

दारं दोन जातींची. मार्गिका म्हणजे उघडा बोगदा, त्यातून आयन किंवा पाणी सुसाट जातं. वाहक प्रथिन रेणूला धरतं, आकार बदलतं आणि पलीकडे सोडतं, म्हणून ते सावकाश चालतं. ग्लुकोजसाठी वाहक असतात. परीक्षेत याचा आलेख हमखास येतो. साध्या विसरणात संहती वाढवली की वेग वाढतच जातो. वाहकाच्या बाबतीत रेषा एका उंचीला जाऊन सपाट होते, जशी एसटी स्थानकावर खिडक्या चारच असतील तर रांग कितीही वाढली तरी मिनिटाला तेवढीच तिकिटं फाटतात. ही वाहतूक उताराचीच, ऊर्जा लागत नाही.

स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लुट-४ नावाचे ग्लुकोजचे वाहक एरवी आतल्या पिशव्यांत ठेवलेले असतात. इन्शुलिन आलं की पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि दारं पृष्ठभागावर येतात. स्नायू हलवले की इन्शुलिनशिवायही ती वर येतात. मधुमेह असलेल्यांना जेवणानंतर चालायला सांगतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

पायरी ७: चढावर पंप, शेंगदाणे-फुटाण्यांनी

पटलातलं एक प्रथिन ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलतं, तोच हा पंप. अशा चढाच्या वाहतुकीला सक्रिय वहन म्हणतात. हा भाग प्रयोगानं घरी दाखवता येत नाही, पण हातानं खेळता येतो. ताटाच्या मधोमध दोरा ठेवा. एक बाजू पेशीची आत, दुसरी बाहेर. आत ३० शेंगदाणे म्हणजे सोडियम, बाहेर २० फुटाणे म्हणजे पोटॅशियम, शेजारच्या वाटीत खडीसाखरेचे १० खडे म्हणजे एटीपी, पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू. प्रत्येक फेरीत एक खडा खायचा, ३ शेंगदाणे बाहेर काढायचे, २ फुटाणे आत घ्यायचे. खडा खाल्ल्याशिवाय फेरी नाही. दहा फेऱ्यांनी ३० शेंगदाणे बाहेर, २० फुटाणे आत आणि वाटी रिकामी.

शेंगदाणे आणि फुटाणे दोन्ही धनभारित धरा आणि मोजा: प्रत्येक फेरीत एक धनभार जास्त बाहेर गेला. पेशीची आतली बाजू ऋण राहण्यात याचाही थोडा हातभार असतो.

येन्स स्कौ यांनी हा पंप १९५७ मध्ये डेन्मार्कमध्ये खेकड्याच्या पायांतल्या चेतातंतूंवर काम करताना ओळखला. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या पंपामुळे आपल्या पेशींत सोडियम लिटरला १०-१५ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) आणि बाहेर सुमारे १४५ असतं, पोटॅशियम आत १४० च्या आसपास आणि बाहेर ४-५. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या मेंदूच्या ऊर्जेतला मोठा वाटा हाच फरक टिकवण्यात खर्च होतो आहे.

आता बाहेर साचलेले शेंगदाणे हे धरणात अडवलेल्या पाण्यासारखे समजा. पुढची पायरी त्या धरणावर चालते.

पायरी ८: जलसंजीवनी, चिमूटभर मिठाचं काम

पटलावरच्या वाहतुकीचं ज्ञान कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात मिसळून द्यायच्या जलसंजीवनीचं, पाकीट दाखवते.

आतड्याच्या पेशीत एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन आहे. ते एकटं ग्लुकोज घेत नाही, एकटं सोडियमही घेत नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदम बसले तरच वळतं. सोडियम उतारानं आत घुसतं आणि त्याच्या जोरावर ग्लुकोज चढ चढतं. इथे एटीपी थेट खर्च होत नाही. तो पलीकडच्या बाजूचा पंप आधीच खर्चून बसलेला असतो. म्हणून याला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. मीठ आणि साखर आत गेली की परासरणानं पाणी त्यांच्या मागोमाग जातं.

कॉलऱ्यात काय होतं? जंतूचं विष आतड्याच्या पेशीतली सीएफटीआर नावाची क्लोराइडची मार्गिका उघडी ठेवतं. क्लोराइड बाहेर, मागे सोडियम, मागे पाणी. माणूस काही तासांत कोरडा पडतो. पण त्या विषानं एसजीएलटी-१ बिघडत नाही. एक दार तुंबळ वाहत असताना शेजारचं दार शाबूत असतं, आणि साखर-मीठ बरोबर दिलं तर तिथून पाणी आत घेता येतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ देऊन ते साधत नाही.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं मिश्रण पिंपांतून तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. मला वाटतं, जीवशास्त्राच्या प्रत्येक वर्गात त्यांचं नाव घ्यायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं प्रमाण लिटरमागे असं आहे: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. वही काढून गणित करा. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०, म्हणजे १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून सुमारे ४४ आणि सायट्रेटमधून सुमारे ३० मिलिमोल सोडियम, म्हणजे तेही ७५ च्या जवळ. ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीनं ठेवलेले आहेत. विरघळलेले सगळे कण मिळून २४५ मिलिऑस्मोल (परासरणासाठी कण मोजायचं एकक) होतात, म्हणजे रक्तापेक्षा थोडं विरल, त्यामुळे पाण्याचा ओढा आतड्यातून रक्ताकडे. आधीचं मिश्रण ३११ चं होतं. ते थोडं उतरवल्यावर जुलाब आणि उलट्या कमी झाल्या.

आता बटाट्याचा आलेख आठवा. कुणी प्रेमानं दोन चमचे साखर जास्त घातली किंवा जुलाब होणाऱ्या लेकराला गोड शीतपेय पाजलं तर आतड्यातला द्रव अतिपरासारी होतो, आणि कांड्यांतून पाणी सुटलं तसं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणून पाकीट लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, अख्खं एकदम मिसळायचं. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात अर्धं-अर्धं करायचं नाही.

पाकीट हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. शिगोशीग भरायचे नाहीत, चमच्यावर सुरी फिरवून सपाट करायचे. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवं करा. साखर आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, त्यातलं ग्लुकोज आपल्या कामाचं. या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळताच तेच द्या. घोट-घोट पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, पाणी पिता येईना किंवा शौचातून रक्त पडलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

पायरी ९: जे दारातून मावत नाही

इन्शुलिनसारखं प्रथिन किंवा अख्खा जिवाणू कुठल्याही मार्गिकेतून जाणार नाही. त्यासाठी पटल स्वतःच वाकतं. बाहेरच्या वस्तूभोवती खळगा पडतो, त्याची पिशवी होते आणि ती आत तुटते, हे पेशीय ग्रहण. आतली पिशवी पटलाला मिळून बाहेर रिकामी होते, ते पेशीय उत्सर्जन. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात ते पहिल्या रीतीनं, स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर पडतं ते दुसऱ्या. पेशी रक्तातलं कोलेस्टेरॉलही असंच ग्राहींनी, म्हणजे पटलावरच्या पकडणाऱ्या प्रथिनांनी, धरून आत घेते. हे उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. सोबत साबणाचे फुगे करा. दोन फुगे चिकटून एक होताना दिसला की पिशवी पटलात कशी मिसळते याचा अंदाज येतो.

पायरी १०: कैरीकडे परत

आता भाचीचा प्रश्न. मीठ लावल्यावर पहिल्या तासाभरात फोडीबाहेर मिठाचं दाट पाणी असतं आणि पेशींतलं पाणी बाहेर येऊ लागतं. कांद्यात गोळे आकसले तेच इथे होतं. त्याच वेळी मीठ पेशीभित्तिकांच्या जाळीतून आणि पेशींमधल्या फटींतून फोडीत शिरत असतं. तेव्हा फोड खारट लागते ती या फटींतल्या मिठामुळे, पेशींच्या आतल्या नव्हे.

रात्रभरात पेशी मरतात. इतकं पाणी गमावल्यावर पटल शाबूत राहत नाही. मग फ्रीझरमधल्या बिटासारखी गत: निवड संपते आणि मीठ साध्या विसरणानं उताराच्या दिशेनं आत जातं. सेंटिमीटरभर जाडीला विसरण किती वेळ घेतं ते तिसऱ्या पायरीत आलंच आहे, म्हणून मोठ्या फोडी मुरायला दिवस जातात आणि कीस लगेच मुरतो.

हे तपासूनही पाहता येतं. मीठ लावल्यावर तासाभरानं एक फोड आणि दुसऱ्या दिवशी एक फोड साध्या पाण्यात टाका. पहिलीतल्या बऱ्याच पेशी अजून जिवंत असतात, त्या पाणी ओढतात आणि फोड काहीशी कडक होते. दुसरी कितीही वेळ ठेवली तरी मऊच राहते. भाचीनं दोन्ही वाकवून बघितल्या, वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: "मीठ आत गेलं, कारण आता आत कुणी अडवणारं नाही."